घरचा कान

माहेरी पाच भावंडांत ती मोठी, म्हणून तिला सगळे थोरली म्हणत. लग्न होऊन आल्यावर नवऱ्यानंही तेच नाव उचललं आणि मग शिवणाच्या दुकानात, गल्लीत, जिन्यावर, सगळीकडे ती थोरलीच झाली. नवरा नळदुरुस्ती करायचा. गळक्या तोट्या, तुंबलेली मोरी, गच्चीवरच्या टाक्या. त्याला लोक नळवाला म्हणत. दोघांना मूलबाळ नव्हतं. पहिली काही वर्षं त्याची चुटपुट होती, मग तो विषयच निघेनासा झाला.

नळवाल्याला बासरीचं वेड लागलं ते चाळिशी उलटल्यावर. एका मोठ्या घरात न्हाणीघराचं काम निघालं होतं आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी रोज सकाळी बासरी वाजवायचं. दोन दिवसांचं काम त्यानं पाच दिवस पुरवलं. शेवटच्या दिवशी घरी येता येता तो वाद्यांच्या दुकानात शिरला. दुकानदारानं आधी त्याचे हात पाहिले आणि मग बासरी दाखवली, तीही काचेच्या आतूनच. किंमत ऐकल्यावर नळवाल्यानं उगाचच मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, उशीर झाल्यासारखं केलं आणि बाहेर पडला. हे सगळं त्यानं घरी येऊन हसत हसत सांगितलं. थोरलीला मात्र त्याचं हसू कुठं दुखतंय ते कळलं.

पण माणूस हार मानणारा नव्हता. कामावरून उरलेले प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे घरात होतेच. त्यातला एक हातभर लांबीचा त्यानं कापला, एका टोकाला बाटलीचं बूच ठोकलं, तापवलेल्या सळईनं फुंकेचं भोक आणि बोटांची सहा भोकं पाडली आणि गॅलरीत बसून फुंकायला लागला. किटली उकळल्यासारखा आवाज यायचा. शेजारची म्हातारी विचारून गेली की तुमच्याकडे कुणाला दमा आहे का.

पहिले दोन पाइप वाया गेले. तिसऱ्याच्या वेळी थोरली आत मशीनवर कुणाचा तरी कोट उसवत बसली होती. मान वर न करताच ती म्हणाली, "वरून तिसरं भोक लहान पडलंय. आवाज खाली बसतोय."

तुला कसं कळलं, असं त्यानं विचारलं. तिला सांगता येईना. कळलं, एवढंच. तिचा कान लहानपणापासून तसाच होता. स्वयंपाकघरात भांडं पडलं तर कुठलं पडलं ते ती दुसऱ्या खोलीतून सांगायची. जिन्यावर पावलं वाजली की कोण आलं ते दार उघडायच्या आधी तिला ठाऊक असायचं. पण या गोष्टीचा आजवर कुणाला काही उपयोग झाला नव्हता. नळवाल्यानं गोल कानस घेतली आणि ते भोक घासायला सुरुवात केली. घासायचं, फुंकायचं, तिच्याकडे बघायचं.

"अजून," ती म्हणाली. "अजून थोडं. जरा जपून. बस."

आणि खरंच तो स्वर जागेवर आला. नळवाला किती तरी वेळ तो एकच स्वर वाजवत बसला.

तिथून त्यांचा संसार जरा निराळाच झाला. संध्याकाळी तो गॅलरीच्या उंबऱ्यावर पाइप मांडीवर घेऊन बसायचा, ती मशीनपाशी. प्लॅस्टिकचा पांढरा भुसा तिच्या शिवणाच्या कपड्यांवर उडायचा आणि ती करवादायची, पण उठून जायची नाही. बासरीचं भोक मोठं केलं की आवाज चढतो. पण एकदा चढला की उतरवता येत नाही, मोठं झालेलं भोक काही लहान होत नाही. म्हणून कधी थांबायचं हेच खरं काम, आणि ते काम तिचं. हात त्याचे, पाइप त्याचा, पण बासरी झाली की नाही ते ठरवायची थोरली. दिवसभर दुकानात इथं टीप घाल, तिथं आखूड कर, असं लोकांचं ऐकणारी बाई घरी आल्यावर एका शब्दावर माणसाचा हात थांबवायची. तिला ते आवडायचं. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण फार आवडायचं.

हळूहळू लोक यायला लागले. टपालखात्यातून निवृत्त झालेला एक पोस्टमन, दवाखान्यातली एक नर्स, मालगाडीचा ड्रायव्हर. सगळी हौशी माणसं. दुकानातली बासरी कुणालाच परवडणारी नव्हती. नळवाला पाइप आणि बूच यांच्यापुरतं काहीतरी घ्यायचा, कधी तेवढंही विसरायचा. ही मंडळी दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात जमायची. तिथं एक मास्तर होते. कधीकाळी ते वाद्यवृंदात वाजवत होते, आता दात पडले म्हणून शिकवण्यापुरतेच राहिले होते. मास्तरांनी नळवाल्याची बासरी वाजवून पाहिली आणि भुवया उंचावल्या. कशानं लावता, मोबाइलमध्ये स्वर दाखवणारा काटा येतो तो वापरता का, असं त्यांनी विचारलं. नळवाल्याला त्या प्रश्नाचीच गंमत वाटली.

"आमच्याकडे घरचा कान आहे," तो म्हणाला आणि मागच्या बाकावर बसलेल्या थोरलीकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. ती लाजेनं पार खिडकीबाहेर बघायला लागली. घरी येताना मात्र तिची चाल बदलली होती.

अशी सहा-सात वर्षं गेली.

आधी गेले ते अगदी बारीक, वरचे आवाज. घड्याळाची टिकटिक बंद झाली म्हणून तिनं सेल बदलले, तेव्हा घड्याळ चालूच असल्याचं दिसलं. मग फोनची घंटा. मग दुकानात कुणी मागून हाक मारली की कळेना. मालकीण म्हणाली, थोरले, तुझं हल्ली लक्ष कुठं असतं? थोरलीनं हसून वेळ मारून नेली. पण हे काय आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिची आई अशीच बहिरी झाली होती. आधी लोक आईशी मोठ्यानं बोलायचे. मग कंटाळले आणि हातवारे करायला लागले. मग हातवारेही थांबले. शेवटची दहा वर्षं आई त्या भरल्या घरात कोपऱ्यात ठेवलेल्या कपाटासारखी बसून होती. घरची माणसं तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलायची. थोरलीही बोलली होती.

एक दिवस दुकानातून लवकर सुटून ती एकटीच कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला एका बंद काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. ती बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसली. काचेपलीकडची मुलगी यंत्रावर काहीतरी फिरवत होती आणि मधूनमधून थोरलीकडे बघत होती, आणि त्या बघण्यावरूनच थोरलीला कळत होतं की आवाज येऊन गेला. डॉक्टरांनी तोंड समोर धरून, सावकाश सांगितलं. दोन्ही कान. वाढत जाणार. यंत्र लावलं तर बोलणं कळेल. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी येताना वाटेत फाडून टाकला.

नवऱ्याला सांगायचं ती रोज ठरवायची. पण संध्याकाळ झाली की तो पाइप घेऊन बसायचा, कानस फिरवायचा, फुंकायचा आणि मान वर करून तिच्याकडे बघायचा. त्या बघण्यात इतका भरवसा असायचा की तिची जीभ उचलायची नाही. आणि तिनं एक युक्ती काढली होती. नळवाल्याला स्वतःलाही आताशा थोडंफार कळायचं, फक्त स्वतःवर विश्वास नव्हता. स्वर जवळ आला की त्याच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. त्या आठीकडे बघून ती बस म्हणायची. म्हणजे तो तिच्या भरवशावर घासत होता आणि ती त्याच्या भरवशावर थांबवत होती. एकेकटी बासरी वाजवणाऱ्याला काही विशेष जाणवत नसे. बोलणं ती समोरच्याच्या ओठांवरून ताडायची. तीन वर्षं असं निभलं.

मग त्या मंडळींनी दवाखान्याच्या सभागृहात एक छोटा कार्यक्रम करायचं ठरवलं. नऊ जणांनी एकत्र वाजवायचं होतं. जुन्या बासऱ्या वेगवेगळ्या मापाच्या होत्या, म्हणून नळवाल्यानं सगळ्यांना सारख्या नऊ बासऱ्या करून द्यायचं कबूल केलं. दोन महिने तो दुसऱ्या कशाला हात लावेना. पाइप निवडून निवडून आणले. टोकं घासून काचेसारखी गुळगुळीत केली. प्रत्येक बासरीला निळ्या दोऱ्याचे वेढे दिले, ते वेढे थोरलीनं दिले. नऊच्या नऊ बासऱ्या तिनं लावल्या. म्हणजे त्याच्या कपाळाकडे बघून लावल्या.

शनिवारी वर्गात त्यानं पिशवीतून एकेक काढून वाटल्या. लग्नाचा आहेर वाटावा तसा त्याचा चेहरा झाला होता. थोरली नेहमीच्या मागच्या बाकावर बसली. मास्तरांनी हात वर केला, नऊही जणांनी बासऱ्या ओठांना लावल्या, हात खाली आला.

तिला काही ऐकू आलं नाही. दिसलं ते असं. नर्सनं वाजवता वाजवता बाजूला पाहिलं. ड्रायव्हरनं बासरी ओठांवरून काढून उलटीसुलटी करून पाहिली. पोस्टमन हसायला लागला आणि एकदम हसायचा थांबला. मास्तरांनी हात हलवून सगळ्यांना गप्प केलं, एकेकाला तोच स्वर वाजवायला लावला, आणि प्रत्येकाच्या वेळी त्यांचा चेहरा जास्त जास्त उतरत गेला. मग ते नळवाल्याला काहीतरी म्हणाले. अदबीनंच म्हणाले असावेत, कारण त्यांचा हात नळवाल्याच्या खांद्यावर होता. नळवाल्यानं तो हात झटकला.

वीस वर्षांत तिनं नवऱ्याला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तो मास्तरांच्या तोंडासमोर बोट नाचवत होता, मग ते बोट त्यानं मागं, तिच्याकडे केलं. तो काय म्हणतोय ते तिला कळत नव्हतं आणि तरी सगळं कळत होतं. त्यानं लोकांच्या हातातून बासऱ्या काढून घेतल्या, पिशवीत कोंबल्या आणि तिच्यापाशी येऊन म्हणाला, चल.

रस्त्यात तिनं विचारलं, काय झालं. तो थांबला, तिच्याकडे वळला, म्हणून त्याचे शब्द तिला मिळाले.

"म्हातारा बहिरा झालाय," तो म्हणाला. "मला म्हणतो, एकही बासरी दुसरीशी जुळत नाही. मी म्हटलं, माझ्या बायकोनं लावल्यात. तिचा कान चुकला असं म्हणायचं असेल तर तुमचं आमचं संपलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. रस्ता होता, माणसं होती, त्याच्या हातात पिशवी होती, आणि ती गप्प बसली. नंतर पुढे कितीदा तरी तिला वाटलं की तीन वर्षांपेक्षा त्या एका मिनिटाचा गुन्हा मोठा.

कार्यक्रम त्याच्याविनाच झाला. लोकांनी जुन्यापुराण्या बासऱ्यांवर भागवलं म्हणे. शनिवारी संध्याकाळी नळवाला घरीच बसायला लागला. पिशवी खुंटीवर लटकत होती. कुणाचा फोन आला तर तो घ्यायचा नाही. तो झुरत होता, आणि तरी तिच्यासमोर एका शब्दानं तिला बोलला नव्हता, उलट मास्तरांनाच लाखोली वाहायचा. तिसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तिनं पिशवीतून एक बासरी काढून त्याच्या हातात दिली.

"मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते," ती म्हणाली. "तुम्ही मागं उभे राहून वाजवा. वाजवायला लागलात की मी हात वर करते."

त्याला वाटलं ती त्याचं मन रमवायला काहीतरी खेळ काढतेय. ती भिंतीशी उभी राहिली. भिंतीवर रंगाचा एक पोपडा सुटला होता, तो ती बघत राहिली. बराच वेळ झाला. शेवटी राहवेना म्हणून तिनं हात वर केला आणि वळून पाहिलं. तो खाटेच्या कडेवर बसला होता. बासरी मांडीवर आडवी होती.

"वाजवलीत का?"

"केव्हाच," तो म्हणाला. "पूर्ण वाजवून झाली."

मग तिनं सगळं सांगितलं. घड्याळ, डॉक्टर, फाडलेला कागद, त्याच्या कपाळावरची आठी. तो ऐकत होता आणि बोटानं बासरीची भोकं चाचपत होता. तीन वर्षं, एवढंच तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, तीन वर्षं. त्या तीन वर्षांत दिलेल्या बासऱ्या त्याच्या डोळ्यांसमोरून जात असणार. मास्तरांना आपण काय काय बोललो तेही.

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं आईचं सांगितलं. घरातले कसे बोलायचे थांबले ते.

"मी तसा आहे का?" त्यानं विचारलं.

तसा कुणीच नसतो हे तिला ठाऊक होतं. तीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडे गेला. मास्तरांनी माफी मागूच दिली नाही, चहा पाजला. निघताना त्याच्या मोबाइलमध्ये तो काट्याचा प्रकार घालून दिला आणि कसा वापरायचा ते शिकवलं. नळवाल्यानं तो महिनाभर उघडला नाही. थोरलीच म्हणाली, अहो, किती दिवस असे हात बांधून बसणार? तेव्हा कुठं त्यानं मोबाइल गॅलरीच्या कठड्याला टेकवला आणि कानस हातात घेतली. स्वर जुळला की काटा मधोमध यायचा आणि हिरवा व्हायचा. काट्याला आठी बघावी लागत नव्हती. त्या नऊ बासऱ्या मोडीत काढून त्यानं नव्या नऊ केल्या आणि त्या एकमेकींशी अशा जुळल्या की मास्तर म्हणाले, आजवरच्या सगळ्यांत या चांगल्या. नळवाल्यानं हे घरी येऊन सांगितलं आणि चटका बसल्यासारखी मान वळवून पिशवी खुंटीला अडकवू लागला.

"चांगलं झालं," थोरली म्हणाली. आणि ते खरंच चांगलं झालं होतं.

तिलाही यंत्रं आणली, दोन्ही कानांना. बोलणं परत आलं, निदान समोरचं. जिन्यावरची पावलं परत आली, पण कुणाची ते कळेना, सगळी सारखीच. पहिल्याच संध्याकाळी नळवाल्यानं तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि त्याची सगळ्यांत चांगली बासरी वाजवली. डोळे मिटून, जपून, एखाद्याला भरवावं तसं. थोरलीला वाटलं कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढतंय. एकाच स्वरातून दोन-दोन चिरके आवाज निघत होते. यंत्र माणसाच्या बोलण्यासाठी केलेलं असतं, बासरी त्याला कळत नाही, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्या संध्याकाळी त्यानं डोळे उघडले तेव्हा ती हसली, पण हसायला जरा उशीर झाला होता.

त्यानंतर कानशीचा आवाजही तिला सोसेना. तिनं काही म्हटलं नव्हतं, त्यानंच ओळखलं आणि पाइप, सळया, कानशी असं सगळं सामान गच्चीवर टाकीशेजारच्या खोलीत हलवलं. तिच्या शिवणावर भुसा उडायचा बंद झाला. संध्याकाळी तो वर, ती खाली. जेवायला खाली आला की तो दिवसभराचं सांगायचा, मोठ्यानं, तोंड समोर धरून. पूर्वी तो एखादी गोष्ट सांगायचा तेव्हा अर्धी ताटाशी, अर्धी मोरीवर हात धुताना सांगायचा. आता सगळी एका जागी बसून सांगावी लागे. त्यामुळे मोठ्या गोष्टी सांगितल्या जात. लहान लहान राहून जात. त्याची कुरकूर नव्हती. तो थकायचा, एवढंच.

एके दिवशी दुपारी नळवाला कामावर गेला असताना दारावर एक बाई आली. बसवर कंडक्टर होती, अंगात खाकी सदरा, गळ्यात तिकिटांची पिशवी. नर्सनं पत्ता दिला होता. म्हणाली की मला कधीपासून शिकायचंय, पण दुकानातली घेणं जमत नाही, इथं स्वस्त मिळते म्हणे. थोरलीनं तिला आत बसवलं, गच्चीवर जाऊन तयार बासऱ्या घेऊन आली आणि टेबलावर मांडल्या. पाच होत्या. बाई बावरून गेली. यातली कुठली घेऊ, तुम्हीच सांगा, म्हणाली.

"सगळ्या चांगल्या आहेत," थोरली म्हणाली. "हाताला बसेल ती घ्या."

बाईनं एक उचलली, फुंकून पाहिली. थोरलीनं हळूच, केस सारखे केल्यासारखं करत दोन्ही कानांतली यंत्रं बंद केली. बाईचे गाल फुगले, ओठ वाकडे झाले, पुन्हा सरळ झाले. चार-पाच वेळा नुसतीच हवा गेली असावी. मग तिच्या भुवया एकदम वर गेल्या, तिनं बासरी तोंडापासून लांब धरून बघितली आणि पुन्हा तोंडाला लावली. थोरलीनं यंत्रं परत चालू केली तोवर बाईनं बासरी पिशवीत घातलीसुद्धा.

दाराशी चपला घालताना बाईनं सहज विचारलं, "तुम्हीपण वाजवता का हो?"

"नाही," थोरली म्हणाली. "ते करतात."

"मग तुम्ही?"

थोरलीनं तोंड उघडलं. जिन्यात खालून कुणीतरी वर येत होतं.

"मी शिवणकाम करते," ती म्हणाली.